आमच्या घरातला गुण्या

खंडेनवमीला आमच्या सगळ्या गल्लीत हत्यारांची पूजा व्हायची. सुताराचा रंधा, न्हाव्याचा वस्तारा, टेंपोवाल्याचा आख्खा टेंपो, सगळं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून उभं असायचं. आमच्या दारात मात्र ना कुंकू ना माळ. आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा घरातले देव गेले, पण गवंडीकाम काही गेलं नाही. आता दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांचं करायचं काय, हा प्रश्न आजोबांनी त्यांच्या पद्धतीनं सोडवला होता. त्यांनी पूजा बंद करून परीक्षा सुरू केली.

आजोबांनंतर ती परीक्षा थोरले आबा घ्यायचे. थोरले आबा म्हणजे माझे चुलते, वडिलांचे मोठे भाऊ, गडमुडशिंगीपासून शाहूपुरीपर्यंत ज्यांनी बांधलेल्या भिंती अजून उभ्या आहेत असे गवंडी. आंघोळ करून, पांढरा सदरा घालून ते ओट्यावर बसायचे आणि एकेक हत्यार समोर घ्यायचे. ओळंबा दोरीवर सोडून बघायचे. पाणसळ फरशीवर ठेवून तिचा बुडबुडा बघायचे, मग तीच उलटी फिरवून पुन्हा बघायचे. आणि सगळ्यात शेवटी, मानाच्या पैलवानाला बोलवावं तसा, गुण्या.

ज्यांना गुण्या ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. लाकडाच्या दोन सरळ पट्ट्या काटकोनात जोडलेल्या, एवढंच ते हत्यार. गवंडी तो कोपऱ्यात लावतो. दोन्ही भिंतींना तो अंगभर चिकटला की कोपरा बरोबर, म्हणजेच काम ‘गुण्यात’. उजेडाची एक फट दिसली तरी कोपरा चुकला. गुण्यागोविंदानं नांदणाऱ्या लोकांशी या गुण्याचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण ऐकणारा प्रत्येक जण तेच विचारतो आणि मग मला राग येतो.

आमचा गुण्या आजोबांचा, सागवानी, हात लागून लागून काळा झालेला. त्याची परीक्षा बघायला मी पहाटेपासून तयार असायचे. आबा फरशीवर खडूनं एक लांब रेघ मारायचे. तिच्यावर गुण्याची एक पट्टी ठेवून दुसऱ्या पट्टीच्या कडेनं उभी रेघ ओढायचे. मग गुण्या पालथा घालायचे, त्याच जागी ठेवायचे, आणि परत रेघ ओढायचे. पहिल्या रेघेवर दुसरी रेघ बरोबर पडली, दोन्हींची मिळून एकच दिसली, की गुण्या खरा. नाहीतर त्या दोन रेघा वर जाता जाता एकमेकींपासून फाकणार. मला ते अचाट वाटायचं. जगातलं सगळं आपण दुसऱ्या कशाशी तरी ताडून बघतो. हा गुण्या मात्र स्वतःलाच उलटून स्वतःची साक्ष काढायचा. दरवर्षी एकच रेघ उमटायची, आणि दरवर्षी माझ्या अंगावर काटा यायचा.

“झालं,” आबा म्हणायचे. “आता पुढच्या साली. रोज रोज इमान तपासायचं नस्तंय.”

वडील मी लहान असतानाच गेले. त्यानंतर आई आबांच्याच कामांवर बिगारी म्हणून जायला लागली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, घमेल्यात वाळू नाहीतर सिमेंट-वाळूचा कालवलेला माल. दिवसभर शिडी चढायची आणि उतरायची. आबा भिंतीवर, आई भिंतीखाली. आमच्या घराण्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी तोंड वर करून बोलत नसे. त्यामुळं बारा माणसांच्या गोंगाटात एकत्र काम करूनही ही दोघं थेट बोलायची नाहीत. शाळा सुटून मी कामावर गेले की मी त्यांचा टेलिफोन.

“सांग तुझ्या आईला, माल जरा पातळ आलाय.”

“आबास्नी सांग, पानी जास्त पडलं, दुसरा कालवून देती.”

आई तिथंच, चार हातांवर. मला हसू यायचं, पण हसलं की दोघंही डोळे वटारायचे. तेवढं मात्र दोघं थेट करायची.

आम्ही दोघी राहायचो ती खोली वाकडी होती. कुणीतरी दोन घरांच्या मधल्या बोळात दोन भिंती घालून तयार केलेली. तिचा एक कोपरा पसरट आणि दुसरा चिंचोळा. आईची लोखंडी खाट कुठंही लावा, भिंतीला लागून राहायची नाही. खाट आणि भिंतीच्या मधे पाचर मारल्यासारखी फट. तिच्यात माझ्या पेन्सिली, कंगवा, चमचे, एकदा तर शेजारणीचं मंगळसूत्र बघायला म्हणून काढलेलं, सगळं पडायचं. आई रोज खाट ओढायची आणि रोज पुटपुटायची, “माझं घर झालं तर चारी कोपरं गुण्यात. बाकी काय न्हाय झालं तरी चालंल.” तिला गच्ची नको होती, गिलावा नको होता, रंग नको होता. लोकांची घरं तिनं डोक्यावरून वाहून सरळ उभी केली होती आणि रात्री येऊन ती वाकड्या खोलीत झोपत होती. हे तिला लागायचं. तिनं तसं कधी म्हटलं नाही, पण मला कळायचं, आणि मलाही लागायचं.

शाळेत भूमितीच्या तासाला कंपासपेटी उघडली आणि बाई म्हणाल्या, “यातले दोन त्रिकोणी तुकडे आहेत ना, त्यांना गुण्या म्हणतात.” मी बाकावरून उडालेच. आमच्या घरातला शब्द! खुंटीवर टांगलेला, तंबाखूच्या वासाचा, पुस्तकात छापलेला! तोवर माझी समजूत अशी की पुस्तकातले शब्द वेगळे आणि आमचे वेगळे, आमचे शाळेत तोंडातून निघाले की पोरं खिदळणार. आणि हा बघा, उजळ माथ्यानं पुस्तकात बसलाय. मी हात वर करून सांगितलं, “बाई, आमच्यात मोठा हाय.” वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “असणारच.”

नव्वदचं दशक सरता सरता मी कॉलेजात होते, मराठी घेऊन. ग्रंथालयात शब्दकोशांचं एक कपाट होतं, त्याच्याजवळ कुणी फिरकायचं नाही म्हणून तिथला पंखा माझ्या एकटीचा. उन्हाळ्यातल्या एका दुपारी सहज, खरंच सहज, मी ‘गुण्या’ काढला. पुढं लिहिलं होतं: फारसी. मी दुसरा, जाडजूड कोश ओढला. फारसीत ‘गूनिया’, गवंड्या-सुतारांचं काटकोन बघायचं हत्यार. आणि फारसीत तो कुठून आला? ग्रीकमधून. ‘गोनिया’. अर्थ, कोपरा.

मी बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसले. वाटलं, बोट उचललं तर उडून जाईल. ग्रीक! शाळेच्या इतिहासात एका पानापुरते येऊन गेलेले लोक. पॉलिगॉन, पेंटॅगॉन म्हणतात त्यातला ‘गॉन’ तोच हा. आणि आपल्या ‘कोन’ या शब्दाचंही त्याच्याशी नातं असावं असं काही जाणकारांना वाटतं, काहींना नाही वाटत. ते त्यांचं ते बघून घेतील. माझ्या डोळ्यांपुढं वेगळंच होतं. हा शब्द राजाबरोबर नाही आला, फौजेबरोबर नाही आला. तो एका गवंड्याच्या पिशवीतून दुसऱ्या गवंड्याच्या पिशवीत पडत आला असणार. एकानं हात पुढं करून म्हटलं असेल, “दे रे तो गूनिया,” आणि दुसऱ्यानं तो कशाला म्हणतात ते ओळखून दिला असेल. असं समुद्रापलीकडून इराण, इराणातून दख्खन, आणि दख्खनमधून गडमुडशिंगीला आमच्या खुंटीवर. वाटेत किती भाषा मेल्या, किती राज्यं बुडाली, आणि हा आपला अंगावर धूळ घेऊन चालत राहिला. मी त्या दिवशी दोन तास बुडवले आणि मला त्याची काडीची खंत नाही.

त्याच उन्हाळ्यात आमच्या घराचं काम निघालं होतं. गावाच्या कडेला चिमूटभर जागा, तिच्यावर दोन खोल्या. आबा बांधणार, हे सांगायचीही गरज नव्हती. पाया खोदून दगडांनी भरत आणला होता. जेवणाच्या सुट्टीत मी तिथं पोचले आणि धापा टाकत सगळं सांगितलं.

आबांनी भाकरीचा घास तोंडाशी थांबवला. “फारशी म्हंजे मुसलमानांची भाषा न्हवं? मग बरोबर हाय. आमचा आजा एका मुसलमान मिस्त्रीच्या हाताखाली शिकलाता. त्येनंच दिला आसंल शब्द.” त्यांनी घास खाल्ला, सावकाश चावला. “आन् ते दुसरं काय म्हणालीस? गिरीक? कुठं आलं ते?”

“सिकंदराचा मुलूख, आबा.”

“लांब?”

“लई लांब. समुद्रापलीकडं.”

गुण्या शेजारीच दगडाला टेकवून ठेवलेला होता. नव्या पाहुण्याकडं बघावं तसं आबा त्याच्याकडं बघत राहिले. तेवढ्यात पाठमोरी बसलेली आई माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, “म्हंजे त्यांच्यात पण भिंती वाकड्या व्हायच्या म्हणायच्या.”

मी आयुष्यात पुष्कळ व्याख्यानं ऐकली. त्या शब्दाबद्दल याच्याहून खरं कुणी काही बोललं नाही.

घराच्या भिंती गुडघ्याएवढ्या झाल्या आणि आईला दम निघेना. एका सकाळी, कामाला अजून कुणी आलेलं नसताना, ती म्हणाली, “चल, खाट लावून बघूया.” मी म्हटलं, अगं छप्पर नाही, दार नाही, खाट कसली लावतीस? पण ती ऐकते होय! पुढचं टोक तिनं डोक्यावर घेतलं, मागचं मी धरलं, आणि आमची वरात निघाली. वाटेत एक जण म्हणाला, “वहिनी, घर झालं व्हय?” आई म्हणाली, “झाल्यागतच हाय की.”

खाट आत उतरवली. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात सरकवली. डोक्याची बाजू भिंतीला बरोबर टेकली. लांब बाजू कोपऱ्यात टेकली आणि पायथ्याकडं जाता जाता भिंतीपासून सुटत गेली. पायथ्याशी दोन बोटं जातील एवढी फट.

आईनं खाट परत ओढली आणि परत लावली. तीच फट. तिनं त्या फटीत बोटं घातली आणि तशीच उभी राहिली.

आबा आले ते खाट बघून हसतच आले. मग त्यांनी आईचा हात कुठं आहे ते पाहिलं. “खाट वाकडी आसंल,” ते मला म्हणाले. “सांग तिला, जुनी हाय.”

मी सांगायला तोंड उघडलं, पण आईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि ती सरळ त्यांच्याकडं वळली. “आबा, गुण्या पालथा घाला.”

एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलली. आबांचा चेहरा लाल झाला. “आज खंडेनवमी हाय व्हय?”

“न्हाय. पण घर माझं हाय की.”

गुण्याला मधेच कधीही तपासायचं नाही, ही आमच्या घराची रीत. वर्षातून एकदा तो खरा ठरला की वर्षभर खरा. आणि त्या वर्षी मधे एक गोष्ट घडली होती. थंडीत गडहिंग्लजच्या आमच्या एका पाहुण्यानं कामाला म्हणून तो मागून नेला होता आणि परत येताना तो एसटीत कुठल्या तरी पोत्याखाली दबून आला होता. आबांना ते ठाऊक होतं. पण दसऱ्याला खरा निघालेला गुण्या परत तपासायचा म्हणजे त्यांच्या लेखी बापावर अविश्वास. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली तिरकी मापंसुद्धा त्यांनी पडताळ्याला घेतली नव्हती. दुसऱ्या कुठल्या गवंड्यानं ही चूक केली नसती. त्याच्या हातून घाईपायी वेगळी कुठली तरी झाली असती. ही चूक करायला आमच्या आजोबांचाच मुलगा पाहिजे होता.

आबांनी एक फळी आडवी टाकली. कोळशानं रेघ मारली. गुण्या ठेवून दुसरी ओढली. पालथा घातला. तिसरी ओढली, ती पुसून परत ओढली.

रेघा खालच्या टोकाला एकत्र होत्या. वर जाता जाता त्या फाकल्या होत्या, थोड्याच, पण आंधळ्यालाही दिसतील अशा.

आबा खाटेवर बसले. मला वाटलं, आता हे उठून निघून जातील आणि परत येणार नाहीत, आणि आईच्या घराला कधीच छप्पर पडणार नाही. आईलाही तेच वाटलं असणार, कारण तिनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. बऱ्याच वेळानं आबा उठले, गुण्या काखेत मारला आणि मला म्हणाले, “तुझ्या आईला सांग, भिंत उतरवतो.” आणि चालू लागले.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवताना आम्ही गेलो तर ते आमच्या आधी आलेले. चुकीच्या भिंतीची वरची रांग त्यांची काढून झाली होती. एकेक वीट ते छन्नीनं सोडवायचे, तिचा माल खरडायचे आणि बाजूला रचायचे. एका विटेचाही तुकडा पडू देत नव्हते. आईनं चुंबळ केली. नवीन घराच्या कामाला मी घमेलं उचलणार नाही, असं ती येताजाता सांगायची. त्या दिवशी तिनं ते मुकाट्यानं उचललं आणि खरडलेला माल वाहून टाकायला लागली. पाया रुंद होता म्हणून बचावलो. त्याच्यावरच भिंत थोडी फिरवून घेता आली. आबांनी कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरक्या दोऱ्या ताणल्या, एक अशी, एक तशी, आणि दोन्ही बरोबरीच्या होईपर्यंत खुंट्या हलवल्या. गुण्याच्या सांध्यातली पाचर सैल करून त्यांनी तो परत बसवला आणि पालथा घालघालून एकच रेघ उमटेपर्यंत सोडला नाही. खंडेनवमी तेव्हा चार-पाच महिने लांब होती.

भिंती खांद्याला लागल्या तेव्हा एका संध्याकाळी आबांनी हात धुतले, गुण्या उचलला आणि आईसमोर धरला. “धर. तू बघ.”

बाईनं गुण्याला हात लावू नये असा काही नियम नव्हता. पण कामावर बाया वाहतात आणि पुरुष मोजतात. तिच्यासारख्या कितीतरी बाया जन्मभर भिंती वाहून म्हाताऱ्या झाल्या आणि ती भिंत सरळ आहे की नाही हे बघायचं हत्यार त्यांच्या हातात कधी आलं नाही. आईनं आधी हात पदराला पुसले. मग दोन्ही हातांनी तो घेतला, तान्हं मूल घ्यावं तसा.

कोपरा तळापासून बघायचा असतो. ती खाली बसायला लागली. शिड्या चढून चढून तिचे गुडघे गेले होते. एक हात भिंतीला टेकून, ‘आई गं’ म्हणत, तिनं एक गुडघा दुमडून जमिनीला लावला, दुसरा उभा ठेवला आणि गुण्या कोपऱ्यात सरकवला. पुढं पुष्कळ वर्षांनी, नोकरीला लागल्यावर, माझ्या हाती आणखी एक कोश आला. त्यात ग्रीकांच्या त्या ‘गोनिया’चं मूळ दिलं होतं: गुडघा. आपण ‘आजानुबाहू’ म्हणतो त्यातला ‘जानु’ आणि तो शब्द, मुळात एकाच घरचे. कोपरा म्हणजे दुमडलेला गुडघा. हजारो वर्षांमागं कुणीतरी वाकलेल्या गुडघ्याकडं बघून कोपऱ्याला नाव दिलं होतं. वाचताना मला रडू आलं, कारण ते मी बघितलेलं होतं.

त्या संध्याकाळी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला फक्त दिसत होतं की गुण्या भिंतीला लागलाय आणि आई वाकून फटीतून उजेड येतोय का ते शोधतीये. उजेड नव्हता. ती तशीच सरकत दुसऱ्या कोपऱ्यात गेली, तिसऱ्यात गेली. आबा दाराच्या जागी उभे होते, मान खाली घालून, निकालाची वाट बघत असल्यासारखे. चौथ्या कोपऱ्यात तिनं गुण्या लावला, वरखाली सरकवला आणि म्हणाली, “बसला.”

आबांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला.

आई मात्र उठेना. ती त्या कोपऱ्यात दोन्ही भिंतींना पाठ टेकून बसली, गुण्या मांडीवर. मला वाटलं, गुडघा अडकला. मी हात पुढं केला.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “बसू दे जरा. आपलंच हाय की.”